लूत लागलेलं कुत्रं

मराठीत एखाद्याची पार लाज काढायची असेल तर त्याला 'लूत लागलेलं कुत्रं' म्हणतात. नुसतं 'कुत्रं' म्हटल्याने भागत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रं असतं. त्यामुळे कुत्र्याला आपल्याकडे थोडाफार मान आहे. पण कॅलेंडरवरच्या दत्ताजवळची कुत्री नेहमी गुळगुळीत, केसाळ आणि तब्येतीने बरी असतात. अंगावरचे केस झडलेलं, कातडी जाड आणि राखाडी झालेलं, सतत खाजवणारं कुत्रं दिसलं की त्याच्यासाठी आपल्याकडे दोनच गोष्टी असतात. एक दगड, आणि एक शब्द.

तो शब्द मात्र फार जुना आहे आणि मला त्याचंच नवल वाटत आलं आहे. 'लूत' आला संस्कृतातल्या 'लूता'वरून, आणि लूता म्हणजे कोळी, म्हणजे जाळं विणणारा अष्टपाद. कोळी अंगावरून गेला, त्याची लाळ लागली की कातडीवर पुरळ उठतो, अशी समजूत होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या लूतांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, त्यातले काही बरे होणारे आणि काही न होणारे. हळूहळू किड्याचं नाव रोगाला चिकटलं आणि मराठीत आपण किडा विसरलो, रोग तेवढा लक्षात ठेवला.

यातली गंमत अशी की कुत्र्याच्या लुतीमागे बहुतेक वेळा जो जीव असतो तो खरोखरच कोळ्याच्या घराण्यातला आहे. त्याचं नाव सार्कॉप्टेस. त्याला आठ पाय असतात आणि तो डोळ्याला जवळपास दिसत नाही. आमच्या निफाडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वेलीच्या पानामागे बसून रस शोषणाऱ्या बारीक किडीला इथे 'लाल कोळी' म्हणतात. वेलीवरचा कोळी आणि कुत्र्याच्या कातडीतला जीव हे लांबचे भाऊबंद आहेत. सुश्रुताकडे भिंग नव्हतं, त्यामुळे त्याला हे माहीत होतं असा दावा मी करणार नाही. प्राचीन ग्रंथात सगळं होतं असं म्हणणारे मेसेज मलाही रोज येतात. शब्द बरोबर निघाला तो योगायोगाने. तरीही तो शब्द धरून मागे जायला लागलो की एक चांगली गोष्ट सापडते. ही गोष्ट आहे कातडीकडे पाहणाऱ्यांची आणि न पाहता औषध देणाऱ्यांची.

सुई घेतलेल्या बायका

सतराव्या शतकापर्यंत युरोपातल्या वैद्यांचं मत ठाम होतं की खरूज शरीराच्या आतून येते. रक्त बिघडतं, शरीरातले रस बिघडतात आणि ते कातडीवाटे बाहेर पडतं. आपल्याकडे आजही कुत्र्याचे केस झडले की 'उष्णता झाली' म्हणतात आणि त्याला ताक पाजतात. विचार तोच आहे.

१६८७ मध्ये इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जोव्हान कोझिमो बोनोमो हा वैद्य आणि जाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्रेता यांनी वेगळं काही केलं. गरीब बायका खरूज झालेल्या आपल्या पोरांच्या हातातून सुईच्या टोकाने बारीकसं काहीतरी काढतात, तुरुंगातले गुलामही एकमेकांसाठी तेच करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ते 'काहीतरी' सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कासवासारखा दिसणारा, पाय असलेला जीव हलत होता. त्यातल्या एकाने त्यांच्या डोळ्यांसमोर अंडंही घातलं. त्यांनी चित्रं काढली आणि फ्रांचेस्को रेदी या शास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवलं की खरूज या जिवामुळे होते, ती अंगातून अंगात जाते, आणि पोटात घ्यायच्या औषधांचा तिच्यावर उपयोग नाही, औषध कातडीवरच लावायला हवं. एखादा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या ठरावीक जिवामुळे होतो असं पुराव्यासह सांगणारं हे अगदी सुरुवातीचं लेखन आहे. लुई पाश्चरचा जन्म व्हायला अजून १३५ वर्षं होती.

आणि पुढे काय झालं? जवळजवळ काहीच नाही. मोठ्या वैद्यांनी ते मानलं नाही. जीव असेलही, पण तो रोगाचं कारण नाही, रोगामुळे तिथे आला आहे, असं म्हणून विषय बाजूला ठेवला गेला. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये गालेस नावाच्या माणसाने तो जीव दाखवल्याचा दावा केला, पण त्याच्या चित्रातला प्राणी चीजमध्ये सापडणारा दुसराच कोळी निघाला. त्यामुळे लोकांचा उरलासुरला विश्वासही गेला. अखेर १८३४ मध्ये सिमों फ्रांस्वा रेनुची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईने तो जीव काढून दाखवला. रेनुची कोर्सिका बेटावरचा होता. त्याच्या गावच्या बायका हे नेहमीच करत.

इतक्या विद्वानांना जीव का सापडला नव्हता? कारण ते पुळीत शोधत होते. हा जीव कातडीत बोगदा खणत पुढे जातो आणि पुळीपासून लांब, बोगद्याच्या टोकाशी बसतो. बायकांना ते माहीत होतं. बोनोमोच्या पत्रापासून रेनुचीच्या सुईपर्यंत १४७ वर्षं गेली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एक प्रकार रोज दिसतो. तक्रार येते, लक्षण जातं, तिकीट बंद होतं आणि पंधरा दिवसांनी तेच तिकीट परत उघडतं. लॉग कोणी वाचलेला नसतो. खरजेचा इतिहास वाचताना मला ते दीडशे वर्षं उघडं राहिलेलं तिकीट वाटलं.

एक नाव, अनेक रोग

१८४२ मध्ये दुसरी गोष्ट घडली. (निफाडकरांसाठी म्हणून सांगतो, याच वर्षी आमच्या गावात महादेव गोविंद रानड्यांचा जन्म झाला.) बर्लिनमध्ये गुस्ताव सायमन याला माणसाच्या चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळाशी अळीसारखा लांबट जीव सापडला. त्यालाही आठ पाय होते, पण आखूड, पुढच्या बाजूला दाटीने लागलेले. लवकरच त्याचा भाऊबंद कुत्र्यातही सापडला. त्याचं नाव डेमोडेक्स.

म्हणजे आपण ज्याला एका शब्दात लूत म्हणतो ते निदान दोन वेगळे रोग निघाले, आणि ते जवळजवळ एकमेकांच्या उलट वागतात. सार्कॉप्टेस बाहेरून येतो, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे. खाज प्रचंड असते. सुरुवात बहुधा कानाच्या कडेला, कोपरावर, मागच्या पायाच्या घोट्याजवळ होते. घरातल्या माणसांच्या हातापोटावरही काही दिवस पुरळ उठतो. डेमोडेक्स बाहेरून येत नाही. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, आईच्या अंगावरून तो त्याच्या अंगावर येतो आणि जन्मभर राहतो. जवळजवळ प्रत्येक धडधाकट कुत्र्याच्या अंगावर तो थोडाफार असतो. प्रतिकारशक्ती खचली तरच तो बेसुमार वाढतो. डोळ्याभोवती चष्म्यासारखे केस जातात, पुढचे पाय उघडे पडतात, सुरुवातीला खाजही फारशी नसते. हा शेजारच्या कुत्र्याला लागत नाही आणि माणसाला तर नाहीच.

याशिवाय पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. तिच्यात कंबर आणि शेपटीचं मूळ उघडं पडतं. बुरशीचा नायटा असतो, तो गोल चकत्यांनी येतो. यीस्ट वाढलं की कातडी तेलकट होते आणि कुबट वास मारते. आणि धूळ, परागकण, गवत यांची ॲलर्जी असते. तिच्यात कुत्रं सतत पंजे चाटतं, कान आणि काखा लाल होतात. लांबून पाहिलं तर हे सगळं सारखंच दिसतं. केस गेलेले, कातडी काळवंडलेली, कुत्रं खाजवतंय. आणि आपला निवाडा तयारच असतो की लूत लागली.

गंधकाची पोती

निफाड तालुक्यात द्राक्ष असलेल्या घराच्या शेडमध्ये गंधकाचं पोतं किंवा पुडे नाहीत असं सहसा होत नाही. द्राक्षावर भुरी येते आणि भुरीवरचा जुना उपाय गंधक. हा उपायही द्राक्षाबरोबर परदेशातून आला आहे. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेटला एडवर्ड टकर या माळ्याला काचघरातल्या वेलींवर पांढरी भुकटी दिसली. पीच झाडावरच्या अशाच रोगाला गंधक चालतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तो वेलीवर वापरून पाहिला. काही वर्षांत फ्रान्समधले मळे भुरीने उद्ध्वस्त होऊ लागले आणि तिथेही गंधकानेच वाचले.

कातडीवरचा गंधक त्याहून कितीतरी जुना आहे. आयुर्वेदात त्वचारोगांवर तो आहे, रोमन लोकांकडे होता. करंज तेलात किंवा खोबरेल तेलात गंधक कालवून कुत्र्याला चोळायचा, हे आमच्याकडे आजोबांच्या पिढीपासून चालत आलेलं आहे. त्यात तथ्यही आहे. कातडीवर गंधकाची रासायनिक क्रिया होऊन जी संयुगं तयार होतात ती कोळ्याला आणि बुरशीला मारतात. चुना आणि गंधकाचं द्रावण आजही काही पशुवैद्य वापरतात. मात्र द्राक्षाच्या फवारणीसाठी बनवलेल्या पावडरीत गंधकाबरोबर आणखीही रसायनं मिसळलेली असतात, आणि कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं.

गंधकाने सुटलं नाही की पुढची पायरी जळक्या ऑइलची. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं इंजिन ऑइल कुत्र्याच्या अंगभर फासलेलं तुम्ही पाहिलं असेल. हा प्रकार अडाणीपणातून आला असं समजू नका. युरोपातले मेंढपाळ शेकडो वर्षं मेंढ्यांच्या खरजेला डांबर लावत होते. तेलकट थराखाली कोळी गुदमरतो, हे अगदीच चूक नाही. पण इंजिनमधून निघालेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि जळून तयार झालेली विषारी संयुगं असतात. आधीच सोललेल्या कातडीतून आणि जिभेवरून ती शरीरात जातात. कातडी भाजते, यकृत आणि मूत्रपिंड खराब होतात. कोळी मेला तरी त्याच्याबरोबर कुत्र्याचंही नुकसान होतं. आणि मुळात कोळी नसेल, ॲलर्जी असेल, तर नुसतं नुकसानच होतं.

इलाज केला तरी लूत परत का येते, याचं एक उत्तर इथेच आहे. सार्कॉप्टेसची मादी कातडीच्या बोगद्यात अंडी घालते. ती तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही. एकदा औषध लावलं, खाज थांबली, सगळे खूश झाले, आणि महिनाभरात पुन्हा तेच. द्राक्षावर लाल कोळ्यासाठी एकच फवारणी करून कोणी थांबत नाही, हे ज्याला कळतं त्याला कुत्र्याचं गणितही लगेच कळतं. शिवाय हा जीव कुत्र्याच्या अंगाबाहेरही थोडा काळ जगतो, आणि थंड-दमट हवेत जास्त. निफाडचा पारा दर हिवाळ्यात राज्यात सर्वात खाली गेल्याची बातमी येते. तशा रात्री वस्तीवरची कुत्री एकाच पोत्यावर एकमेकांना चिकटून झोपतात. रोगाला आणखी काय हवं?

किमतीप्रमाणे औषध

मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. पुढच्या दशकात दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाने प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांनी बैलांच्या रोगांवर लिहिलं, हत्तींवर लिहिलं, मेंढ्यांवर लिहिलं, आणि १८८८ मध्ये त्यांचा कुत्र्यांच्या रोगांवरचा ग्रंथही आला. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईत कुत्र्याच्या कातडीकडे शास्त्राने बघणारा माणूस होता.

पण सरकारचा पैसा दुसरीकडे जात होता. लष्कराचे घोडे आणि शेतकऱ्यांची गुरं वाचवायची होती. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, म्हणजे आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं मूळ, गुराढोरांच्या साथींसाठी होती. जगभर हेच चित्र होतं. खरजेवरच्या औषधांचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः मेंढीचा इतिहास आहे, कारण लोकरीला भाव होता. १८५२ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम कूपरने मेंढ्यांना बुचकळण्यासाठी आर्सेनिक आणि गंधकाची पावडर विकायला काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर बीएचसी आलं. आपल्याकडे ती पावडर ढेकणांपासून गोचिडांपर्यंत सगळ्यावर टाकली गेली आणि १९९७ मध्ये तिच्यावर भारतात बंदी आली. १९६९ मध्ये अमिट्राझ सापडलं.

मग आलं आयव्हरमेक्टिन. कोविडच्या काळात व्हॉट्सॲपवर फिरलेलं तेच. जपानमधल्या कावाना इथल्या गोल्फ कोर्सजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना १९७० च्या दशकात एक जिवाणू मिळाला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातून जंतांवरचं औषध शोधलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तेही आधी गाय, घोडा, मेंढी यांच्यासाठी होतं. कुत्र्याच्या वाट्याला त्यातलं उरलेलं आलं. या जिवाणूपासून निघालेलं दुसरं औषध, अबॅमेक्टिन, वेलीवरच्या कोळ्यासाठी वापरतात. म्हणजे मळ्यातला इलाज आणि दवाखान्यातला इलाज पुन्हा एकाच मुळाशी जातात. म्हणून फवारणीची बाटली कुत्र्यावर रिकामी करायची नसते. तिच्यातली तीव्रता आणि द्रावक वेलीसाठी असतात. शिवाय कोलीसारख्या काही जातींमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे आयव्हरमेक्टिन थेट मेंदूत पोहोचतं आणि कुत्रं मरू शकतं. त्यामागचं जनुक २००१ मध्ये सापडलं. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पणजोबात कोण होतं, हे कोणालाच माहीत नसतं.

२०१४ च्या आसपास आलेल्या आयसोक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्यांनी कुत्र्यांचं चित्र खरं बदललं. इथे कुत्रा-मांजर हेच मुख्य गिऱ्हाईक होतं. पिसवा, गोचीड, सार्कॉप्टेस, डेमोडेक्स, सगळ्यांवर ती चालतात. या गटातलं फ्लुरालानेर निस्सान केमिकल या जपानी कंपनीने शोधलं. जी लूत आजोबांच्या काळात कुत्र्याला संपवूनच संपायची, ती आज बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, लसीकरणाच्या गाड्या गावोगाव फिरल्या. ते बरोबरच होतं, कारण गायीवर घर चालतं. कुत्र्यावर घर चालत नाही, त्यामुळे त्याच्या कातडीचा प्रश्न घरच्या घरी सोडवला जातो, म्हणजे ऑइलने किंवा गाडीत घालून लांब सोडून.

गाजर गवत

आमच्या घरी वस्तीवर शेरू नावाचा गावठी कुत्रा आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या कानाच्या कडा खरखरीत झाल्या, आईच्या हातावर पुरळ उठला. शेजारचे एक काका वडिलांना म्हणाले, "दादा, लूत लागली याला. पोरांना लागायच्या आत नांदूरमध्यमेश्वरकडं सोडून या." वडिलांनी सोडलं नाही. दवाखान्यात नेलं, कातडी खरवडून पाहिली, सार्कॉप्टेस निघाला, औषध झालं, कुत्रा बरा झाला. आईचा हातही बरा झाला.

पुढच्या वर्षी पाऊस सरता सरता तो पुन्हा खाजवू लागला. या वेळी पोट, काखा, पंजे. एका ठिकाणी एक इंजेक्शन मिळालं, तीन आठवडे आराम पडला, मग पुन्हा. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा आराम, पुन्हा खाज. गावातल्या लोकांचं निदान ठरलेलं होतं, जुनी लूत उलटली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर नाशिकमधल्या एका डॉक्टरांनी तीन ठिकाणची कातडी खरवडली, टेपने चिकटवून घेतली, कान तपासले आणि विचारलं, "हे दर वर्षी याच महिन्यांत होतं का? बांधावर गाजर गवत आहे का?"

त्या प्रश्नामागेही इतिहास आहे. कुत्र्यालाही ॲलर्जी होते हे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या विटिच या डॉक्टरांनी नोंदवलं. त्यांच्याकडच्या कुत्र्याला दर वर्षी ठरावीक ऋतूत त्रास व्हायचा, तो रॅगवीड या रानगवताच्या परागकणांमुळे. त्याच परागांचा अर्क थोडा थोडा टोचून त्यांनी कुत्र्याला त्याची सवय लावली. गाजर गवत हे रॅगवीडचं जवळचं भावंड आहे. ते पुण्यात सापडल्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांत ते राज्यभर पसरलं. पीएल-४८० च्या अमेरिकी गव्हातून ते आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे. गवत त्याआधीच पुण्यात उगवलेलं होतं. त्याआधीही अमेरिकी गहू येत होता, त्यामुळे गव्हाचा संशय पूर्ण फिटत नाही. मात्र ठरलेली गोष्ट तारखांशी ताडून पाहिली नाही, तर गवताचं निदानही लुतीसारखंच होतं.

गाजर गवतामुळे माणसांच्या कातडीवर येणारा चिवट दाह पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच १९६० आणि ७० च्या दशकांत जगासमोर मांडला. शेतात राबणाऱ्या लोकांचे चेहरे, मान, कोपरांचे खळगे जाड आणि काळे पडत होते. ऋतूप्रमाणे कमी-जास्त व्हायचं, आणि वर्षानुवर्षं चालायचं. गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याची ती ॲलर्जी होती. गुरांच्या कातडीवरही त्याचा परिणाम नोंदला गेला. कुत्रं तर त्या गवतातून पोट घासत चालतं, आणि पोटाला केस कमी असतात.

शेरूचं दुखणं नक्की त्या गवताचंच, असं डॉक्टरांनी लिहून दिलं नाही. ॲलर्जीचं निदान असं एका चाचणीत होत नाही. १९८६ मध्ये नेदरलँड्समधल्या विलेम्स यांनी कुत्र्यांच्या ॲटोपीसाठी लक्षणांची यादी केली. आजही पद्धत तीच आहे. आधी कोळी, पिसवा, बुरशी, संसर्ग, अन्न एकेक करून बाद करायचं, मग जे उरतं ते ॲलर्जी. आम्ही घराभोवतालचं गवत फुलावर यायच्या आधी उपटलं, बाहेरून आल्यावर त्याचे पाय आणि पोट धुवायला लागलो, डॉक्टरांनी ठरवलेल्या महिन्यांत गोळ्या देतो. खाज संपलेली नाही. ती आटोक्यात आहे, आणि मधुमेहासारखी राहणार आहे.

त्या आधीच्या इंजेक्शनांबद्दल एक सांगायला हवं. कॉर्टिसोनचा औषध म्हणून वापर १९४८ मध्ये सुरू झाला, तेव्हा ते चमत्कारच वाटलं होतं आणि दोन वर्षांत त्याला नोबेल मिळालं. स्टेरॉइड आजही गरजेचं औषध आहे. पण ते खाज थांबवतं, कारण शोधत नाही. कातडीत डेमोडेक्स असताना ते दिलं तर प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि कोळी मोकाट वाढतो. त्या कुत्र्याला पाहणाऱ्यांना वाटतं की दवाखान्यात नेऊनही लूत जात नाही, आणि मग ते जळक्या ऑइलकडे वळतात. खरवडण्याच्या एका चाचणीला ब्लेड, तेलाचा थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढंच लागतं. सार्कॉप्टेस असूनही तो पुष्कळदा एका खरवडीत सापडत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहावं लागतं. रेनुचीच्या आधीचे विद्वान चुकीच्या जागी पाहून 'जीव नाही' म्हणाले होते, तसं होऊ नये म्हणून.

तुमच्या घरी किंवा गल्लीत असं कुत्रं असेल तर डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या. सुरुवात अंगावर कुठून झाली? खाज आधी आली की केस आधी गेले? कोणत्या महिन्यांत वाढतं? घरात आणखी कोणाला खाजतंय का? आणि 'खरवडून बघता का?' असं विचारायला लाजू नका. कोर्सिकातल्या बायका वैद्य नव्हत्या. त्यांच्याकडे सुई होती आणि कुठे पाहायचं ते त्यांना माहीत होतं.

आणि पुढच्या वेळी कोणी बोट दाखवून 'लूत लागली' म्हणालं, तर हातातला दगड खाली ठेवायला लावून एवढंच विचारा, कोणती?